बोलण्याबरोबर एकेक ओळ: व्हिडिओत यादी कशी बसवायची

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुम्ही चादर-टॉवेलच्या एका दुकानासाठी व्हिडिओ करताय. दुकानाचे मालक कॅमेऱ्यासमोर बसून 'सोलापुरी चादर घेताना काय बघावं' याचे सहा मुद्दे सांगतात. तुम्हाला उजव्या बाजूला यादी हवी आहे. मुद्दा उच्चारला की त्याची ओळ यावी, आधीच्या ओळी जागेवर राहाव्यात आणि शेवटी पूर्ण यादी थोडा वेळ थांबावी. तुम्ही प्रत्येक मुद्द्यासाठी वेगळी टेक्स्ट क्लिप केलीत, तिच्यात आधीच्या ओळीही लिहिल्यात. नंतर मालकांनी दोन मुद्दे पुन्हा बोलून पाठवले, ते मध्ये घातले आणि पुढच्या सगळ्या ओळी आवाजापासून सुटल्या. शिवाय नवी ओळ आली की वरची यादी किंचित वर सरकते, आणि काही ओळींवरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातात. हे सगळं सांगून तुम्ही विचारलंय की यासाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं.

सॉफ्टवेअर आहे तेच ठेवा. डाविंची रिझॉल्व्ह, प्रीमिअर, शॉटकट, केडेनलाइव्ह यांपैकी कशावरही हे काम नीट होतं, आणि कशावरही ते तुम्ही सांगितलंत तसंच बिघडू शकतं. तुमच्याकडे तीन वेगळे त्रास एकत्र आलेत: ओळ कधी यावी, कुठे बसावी आणि अक्षर नीट दिसावं. तिघांची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्याही आधीच सांगतो. तुम्ही संगणकावर काम करता की फोनवर, असा एकच व्हिडिओ आहे की दर आठवड्याला नवा करायचा आहे, आणि मजकूर शेवटच्या दिवशी बदलणारे ग्राहक आहेत का, यावर पद्धत बदलते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या अनुभवात नेहमी 'आहेत' असंच असतं. म्हणून मी जी पद्धत सुचवतोय ती मजकूर बदलणार हे धरूनच आहे.

आधी आवाज. निवेदन पक्कं झाल्याशिवाय पडद्यावर एकही अक्षर टाकू नका. मागावर आधी ताणा लागतो, मग बाणा फिरतो. इथे आवाज हा ताणा आहे. निवेदनातले अडखळलेले भाग, लांबलेल्या शांतता, पुन्हा बोललेली वाक्यं हे सगळं कापून-जोडून आधी पूर्ण करा. मालकांना नुसता तो आवाज ऐकवा, त्यांचा होकार घ्या आणि मगच यादीला हात लावा. तुमच्या बाबतीत दोन मुद्दे नंतर आले, असं पुढेही होईल. तसं झालं तर मध्ये क्लिप घालताना वरचे ट्रॅकही (चित्र, अक्षरं यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या) सोबत सरकतील अशी व्यवस्था चालू ठेवा. शॉटकटमध्ये सगळे ट्रॅक रिपल करण्याची, म्हणजे एकत्र सरकवण्याची सोय आहे, प्रीमिअरमध्ये प्रत्येक ट्रॅकचं सिंक लॉक असतं, रिझॉल्व्हमध्ये ऑटो ट्रॅक सिलेक्टर. ही सोय बंद असली की खालचा आवाज पुढे जातो आणि वरची अक्षरं जुन्या जागी राहतात. तुमच्या ओळी सुटल्या त्याचं बहुधा हेच कारण आहे.

आणखी एक कारण असू शकतं, तेही तपासून बघा. चित्रण फोनवर केलं असेल तर बहुतेक फोन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा वेग, स्थिर ठेवत नाहीत. कधी सेकंदाला ३०, कधी २८, अंधार झाला की आणखी कमी. अशी फाइल टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरमधल्या वेळेच्या पट्टीवर टाकली की सुरुवातीला सगळं जुळतं आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत ओठ, आवाज आणि अक्षरं एकमेकांपासून सरकलेली असतात. स्क्रीन रेकॉर्डिंगलाही हाच दोष असतो. एडिटिंगला बसण्यापूर्वी हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमरेटवर बदलून घ्या. शॉटकट अशी फाइल ओळखून बदलायचं का ते स्वतःच विचारतं, तेव्हा हो म्हणा. चूक पुढे पुढे वाढत जात असेल तर दोष फ्रेमरेटचा, आणि एका ठरावीक जागेपासून पुढे सगळीकडे सारखीच असेल तर दोष ट्रॅक न सरकल्याचा. एवढ्या खुणेवरून ओळखता येतं.

आवाज पक्का झाला की मार्कर, म्हणजे टाइमलाइनवरच्या खुणा टाका. व्हिडिओ चालू ठेवायचा, डोळे मिटून ऐकायचं आणि मुद्दा सुरू झाला की कीबोर्डवरचं एम दाबायचं. रिझॉल्व्ह, प्रीमिअर, शॉटकट तिन्हीकडे एम म्हणजेच मार्कर. एकदाच सलग ऐकत सहाही मार्कर टाका, मध्ये थांबू नका; त्याने बोलण्याची लय कानात बसते. पण हे मार्कर थोडे उशिरा पडतात, कारण कानावर शब्द पडून बोट हलेपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे हा उशीर सुमारे पाच फ्रेमचा झाला. मग मी आवाजाची लाट मोठी करून बघतो आणि शब्द जिथे उठतो तिथे प्रत्येक मार्कर मागे ओढून घेतो.

ओळ नेमकी शब्दाच्या आधी यावी, बरोबर यावी की नंतर, यावर एडिटर लोकांत एकमत नाही. माझा कल असा: शब्दाच्या सुरुवातीला किंवा दोन-तीन फ्रेम आधी. अर्धा सेकंद आधी आली तर प्रेक्षक ती वाचून मोकळा होतो आणि बोलणाऱ्याकडे लक्ष देत नाही. अर्धा सेकंद नंतर आली तर ऐकलेला शब्द पुन्हा वाचायला लावल्यासारखं होतं. अपवाद गोष्टीचा किंवा रहस्याचा. बोलणारा थांबून, उत्कंठा वाढवून मुद्दा सांगत असेल तर शब्द पूर्ण झाल्यावरच ओळ येऊ द्या, नाहीतर पडदा त्याचं गुपित आधीच फोडतो.

आता जागा. इथे माझी एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुरे: शेवटची फ्रेम आधी बनवा. पहिली ओळ, मग दुसरी, मग तिसरी अशा क्रमाने यादी बांधत गेलात की सहाव्या ओळीला जागा उरत नाही, मग अक्षर लहान करायचं, मग पहिल्या पाच ओळी पुन्हा लहान करायच्या. त्याऐवजी सहाही ओळी एकत्र लिहा, त्या चौकटीत छान बसवा, बोलणाऱ्याचा चेहरा कुठे आहे ते बघून जागा ठरवा. त्या चित्राला मालकांची मंजुरी घ्या. मग त्यातल्या पाच ओळी झाका आणि वेळ आली की एकेक उघडत न्या. यादी 'वाढवायची' नसते, ती पूर्णच असते. आपण फक्त ती टप्प्याटप्प्याने दाखवतो.

तुमची यादी वर सरकते त्याचं कारण यातच आहे. टेक्स्ट बॉक्स मधोमध बांधलेला आहे, त्यामुळे ओळ वाढली की बॉक्स दोन्ही बाजूंना वाढतो आणि पहिली ओळ वर ढकलली जाते. बांधणी वर-डावीकडून ठेवा. यादी पडद्याच्या उजव्या भागात असली तरी अक्षरं डावीकडून एका रेषेत सुरू झाली पाहिजेत. मधोमध जुळवलेली यादी वाचताना प्रत्येक ओळीची सुरुवात नव्याने शोधावी लागते.

ओळी किती असाव्यात? १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने तात्पुरत्या स्मरणात सातच्या आसपास गोष्टी राहतात असं मांडलं होतं, आणि २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी तो आकडा चारच्या आसपास आणला. मी चार-पाच ओळींवर थांबतो. तुमचे सहा मुद्दे आहेत, ते चालतील, कारण जुन्या ओळी पडद्यावर राहणारच आहेत आणि लक्षात ठेवण्याचा भार पडद्यावर पडतो. आठ-दहा मुद्दे असते तर मी दोन याद्या करायला सांगितल्या असत्या.

ओळीत काय लिहायचं हा तर खरा कळीचा भाग. मालक म्हणतात, 'चादर हातात घेतली की आधी तिचं वजन बघा, हलकी लागली तर सूत कमी आहे असं समजा.' हे सगळं वाक्य पडद्यावर टाकू नका. बोललेलं वाक्य जसंच्या तसं पडद्यावरही असलं की प्रेक्षक एकाच वेळी ऐकतो आणि वाचतो, दोन्हींचा वेग जुळत नाही आणि शिकणं कमी होतं. रिचर्ड मेयर यांनी शैक्षणिक व्हिडिओंवर जे काम केलं त्यात हा मुद्दा ठळक आहे. पडद्यावर फक्त 'वजन' लिहा, किंवा फार तर 'वजन हातात तोलून बघा'. बाकीचं मालकांच्या तोंडून येऊ द्या. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी पूर्ण वाक्य हवं असेल तर ते खाली सबटायटल म्हणून वेगळं द्या. यादी आणि सबटायटल ही दोन कामं आहेत, एकाच मजकुराकडून दोन्ही करून घेऊ नका.

सहाही ओळींची वाक्यरचना सारखी ठेवा. एक ओळ 'वजन', दुसरी 'रंग पक्का आहे का ते विचारा', तिसरी 'धुण्याची पद्धत' असं झालं की यादी विस्कटलेली दिसते. सगळी नामं किंवा सगळ्या सूचना.

आता उघडायचं कसं. मुख्य रस्ते तीन आहेत.

पहिला तुमच्याशी मिळताजुळता: प्रत्येक ओळ वेगळ्या ट्रॅकवर, सुरुवात वेगवेगळी, शेवट एकाच ठिकाणी. टाइमलाइनवर जिन्यासारखी रचना दिसते. समजायला सोपा आणि प्रत्येक ओळीला वेगळा रंग किंवा हालचाल देता येते. पण सहा ओळी म्हणजे सहा ट्रॅक, आणि अक्षराचा आकार बदलायचा म्हटलं की सहा ठिकाणी. तीन ओळींपर्यंत मी हाच वापरतो.

दुसरा: पूर्ण यादी एकच क्लिप, आणि तिच्यावर खालून क्रॉप (तेवढा भाग झाकणं) लावून त्याला कीफ्रेम, म्हणजे कोणत्या क्षणी क्रॉप किती याची नोंद. सुरुवातीला क्रॉप इतकं की एकच ओळ दिसते, मार्करवर ते कमी होत जातं. यात लोक एका गोष्टीत अडकतात. साधी कीफ्रेम दिली की क्रॉप हळूहळू सरकतं आणि ओळ अर्धी कापलेली दिसत राहते. तिथे कीफ्रेमचा प्रकार बदला. प्रीमिअरमध्ये होल्ड, शॉटकटमध्ये डिस्क्रीट. तशी सोय सापडत नसेल तर लागोपाठच्या दोन फ्रेमवर दोन कीफ्रेम द्या, पहिलीवर क्रॉपचा जुना आकडा, दुसरीवर नवा. हे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतं.

तिसरा रस्ता मी सहा ओळींच्या कामाला सर्वांत जास्त वापरतो आणि तुम्हालाही तोच सुचवेन. पूर्ण यादी पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी (चित्राची फाइल) म्हणून बनवा, व्हिडिओच्याच मापाची, म्हणजे १९२० बाय १०८०. ती वरच्या ट्रॅकवर पहिल्या मार्करपासून शेवटापर्यंत ताणून ठेवा. मग पुढच्या प्रत्येक मार्करवर ब्लेडने कापा. सहा तुकडे होतात. पहिल्या तुकड्याला खालून इतकं क्रॉप द्या की पहिली ओळ दिसेल, दुसऱ्याला दोन ओळी, असं करत शेवटच्या तुकड्याला क्रॉपच नाही. कीफ्रेम एकही लागत नाही आणि चित्र जागचं हलत नाही, म्हणून यादी सरकण्याचा प्रश्नच येत नाही.

याचा मोठा फायदा नंतर कळतो. एखादी ओळ चार फ्रेम आधी यायला हवी असं वाटलं तर रोल ट्रिमने फक्त तो काप मागे ओढायचा. डावा तुकडा लहान होतो, उजवा तेवढाच वाढतो, बाकी काही हलत नाही. आणि मालकांनी 'धुण्याची पद्धत' ऐवजी 'धुण्याची काळजी' असं हवं म्हटलं, तर पीएनजी दुरुस्त करून त्याच नावाने त्याच जागी ठेवायची. सहाही तुकडे त्या एकाच फाइलकडे बघत असल्यामुळे सगळीकडे बदल होतो. लगेच दिसला नाही तर प्रोजेक्ट बंद करून पुन्हा उघडा. टेक्स्ट क्लिपच ब्लेडने कापली असती तर प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रत झाला असता आणि दुरुस्ती सहा वेळा करावी लागली असती.

ओळ अचानक उमटण्याऐवजी हलकेच यावी असं वाटत असेल तर प्रत्येक कापावर सहा-सात फ्रेमचा क्रॉस डिझॉल्व्ह (एक चित्र विरघळत दुसरं येणं) टाका. वरच्या ओळी दोन्ही तुकड्यांत सारख्याच असतात, म्हणून त्या स्थिर राहतात आणि नवी ओळ तेवढी उमलते. काही ठिकाणी डिझॉल्व्ह होताना वरच्या ओळी क्षणभर किंचित मंद होतात. तसं दिसलं तर डिझॉल्व्ह काढून टाका, साधा काप बरा. उडत येणाऱ्या, फिरत येणाऱ्या, उसळी मारणाऱ्या ओळी टाळा. सहा वेळा तीच कसरत बघून डोळा थकतो आणि मालकांच्या चादरीकडे कोणी बघत नाही.

या रस्त्याची एक मर्यादा आहे. चालू मुद्दा ठळक आणि आधीचे फिके, असं हवं असेल तर ते क्रॉपने होत नाही. त्यासाठी ओळी वेगळ्याच कराव्या लागतात, किंवा चालू ओळीमागे एक रंगीत पट्टी वेगळ्या ट्रॅकवर सरकवावी लागते. शिकवण्याच्या व्हिडिओत हे उपयोगी आहे, कारण प्रेक्षक मध्येच बघायला लागला तरी आपण कितव्या मुद्द्यावर आहोत ते कळतं. पण सरसकट करू नका. शाळांच्या कार्यक्रमांसाठी इथे सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर व्हिडिओ होतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. तिथे नावं एकेक करून येतात, पण दुसरं नाव आलं म्हणून पहिलं फिकं करणं मला पटत नाही. चौघंही पूर्ण तेजात राहिले पाहिजेत, आणि दोन नावांमधलं अंतर निवेदनापेक्षा थोडं जास्त ठेवलं तरी चालतं. यादी कशाची आहे यावरून तिची वागणूक ठरवा.

शेवटी पूर्ण यादी किती वेळ थांबवायची? मी ती मोठ्याने, घाई न करता दोनदा वाचतो, तेवढा वेळ ठेवतो. बीबीसीच्या सबटायटलसाठीच्या सूचनांमध्ये मिनिटाला १६० ते १८० शब्द हा वेग दिलेला आहे, पण तो इंग्रजीचा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'धुतल्यानंतरसुद्धा' हा एकच शब्द झाला, त्यामुळे शब्द मोजून हिशेब चुकतो. मोठ्याने वाचणं हेच माप धरा. लोक या फ्रेमचा स्क्रीनशॉट घेतात, म्हणून दुकानाचं नाव याच फ्रेममध्ये असू द्या.

तुमच्या व्हिडिओपुरता क्रम असा होईल: फाइल स्थिर फ्रेमरेटवर आणा, नवे दोन मुद्दे घालून आवाज पक्का करा, मार्कर टाकून मागे ओढा, सहाही ओळींचं एकच चित्र बनवून मंजुरी घ्या, मार्करवर कापा, खालून क्रॉप द्या, शेवटचा तुकडा लांबवा.

फोनवर, म्हणजे किनमास्टरसारख्या ॲपवर काम करत असाल तर तुकड्या-तुकड्याचं क्रॉप त्रासदायक होतं. तिथे सहा पीएनजी बनवा, सगळ्या व्हिडिओच्या पूर्ण मापाच्या. पहिल्यात एक ओळ, दुसऱ्यात दोन, सहावीत सगळ्या. आधी सहावी बनवायची आणि तिच्यातून एकेक ओळ पुसत मागे यायचं, म्हणजे जागा आपोआप जुळते. लेयरमध्ये प्रत्येक चित्र पडद्याला पूर्ण बसवलं की काही हलत नाही.

आता अक्षर. इंग्रजीतले धडे बघून शिकलेल्यांना सगळ्यात जास्त त्रास इथे होतो, कारण त्या धड्यांत देवनागरीचा विचार नसतो.

ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजी अक्षरासाठी ठेवलेलं नेहमीचं अंतर आपल्याला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खाली लोंबतो, खालच्या ओळीचा रफार, मात्रा, अनुस्वार वर चढतो. 'धुण्याची' खाली 'वर्षे' ठेवून बघा. क्रॉपची सरळ रेघ या दोघांच्या मधून जायची असेल तर अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर हवं. तुमच्या वेलांट्या कापल्या गेल्या त्या यामुळेच, किंवा टेक्स्ट बॉक्सचीच उंची कमी पडल्यामुळे. बॉक्स वरून सैल करून बघा.

अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यावरच ठेवा. इंग्रजी मथळे भारदस्त दिसावेत म्हणून लोक ते वाढवतात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि अक्षरं दातांसारखी सुटी दिसतात.

टाइपरायटर इफेक्टचा, म्हणजे मजकूर टाइप होत जाताना दाखवण्याचा मोह टाळा. तो अक्षर नव्हे, संगणकातला एकेक संकेत उघडतो. 'कि' लिहिताना आधी 'क' येतो आणि मग त्याच्या डावीकडे वेलांटी उगवून 'क' पुढे ढकलला जातो. 'क्ष' होण्याआधी पाय मोडलेला 'क्' दिसतो. पूर्ण ओळ एकदम किंवा शब्दाशब्दाने आणा.

फॉन्ट युनिकोडच हवा. मुक्त, बलू, नोटो सान्स देवनागरी, हिंद हे मोफत मिळतात आणि पडद्यावर चांगले दिसतात. दुकानदाराकडून येणारा मजकूर अनेकदा फ्लेक्सवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेला असतो. तो एडिटरमध्ये चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदला आणि बदलल्यावर शब्दन् शब्द वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरं तिथेच बिघडतात. प्रीमिअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेचं निवडा. नवा फॉन्ट घेतला की मी एक ओळ टाकून बघतो: 'दुसऱ्या वर्षी मऊ टॉवेल, श्री, ज्ञान, रुंदी, ॲप'. 'ऱ्या' आणि 'ॲ' दोन्ही नीट आले तर फॉन्ट मराठीच्या कामाचा. पीएनजीचा रस्ता घेण्यामागे हेही कारण आहे: ज्या ॲपमध्ये देवनागरी बिनचूक उमटते तिथे यादी बनवायची, एडिटरला फक्त चित्र द्यायचं.

पातळ अक्षर टाळा, मध्यम किंवा ठळक वजन घ्या. चादरीवर रंगीत नक्षी असते, तिच्यावर पांढरं अक्षर हरवतं. यादीमागे गडद, अर्धपारदर्शक पट्टी ठेवा. सावलीपेक्षा पट्टी जास्त भरवशाची.

सोलापुरात एक प्रश्न हमखास येतो, तुम्हालाही येईल, म्हणून आत्ताच सांगतो. शहराच्या पूर्व भागातल्या ग्राहकांसाठी तेलुगू आणि सीमेपलीकडच्या व्यापाऱ्यांसाठी कन्नड, असे याच व्हिडिओचे आणखी दोन अवतार मागितले जातात. तेव्हा मराठी टाइमलाइनची प्रत करा, पण मराठीचे काप तसेच ठेवू नका. तेलुगू निवेदनात तोच मुद्दा लांब किंवा आखूड होतो, वाक्यात महत्त्वाचा शब्द दुसऱ्या जागी येतो. मार्कर त्या आवाजावर नव्याने टाका. चित्र बनवताना तिन्ही भाषांतली सर्वांत लांब ओळ शोधा आणि पट्टीची रुंदी तिच्या मापाने ठरवा, म्हणजे तिन्ही व्हिडिओ एकाच घरचे वाटतील. मराठी आणि तेलुगू यादी एकाच पडद्यावर शेजारी ठेवायचा आग्रह झाला तर मी नाही म्हणतो. ऐकू एक भाषा येते, डोळ्यासमोर दोन असतात आणि दोन्ही गटांचं वाचन अर्धवट राहतं. ती भाषा वाचून तपासणारा माणूस सोबत बसल्याशिवाय यादी पक्की करू नका.

रील किंवा शॉर्टसाठी उभा व्हिडिओ काढणार असाल तर यादी नव्याने मांडा. तिथे खालचा भाग आणि उजवी कड ॲपच्या बटणांनी आणि मजकुराने झाकली जाते, म्हणून यादी मधल्या पट्ट्यात, थोडी डावीकडे ठेवा. आडव्या व्हिडिओतही चारही कडांपासून पाच टक्के जागा मोकळी सोडा.

शेवटची तपासणी मोठ्या मॉनिटरवर करू नका. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवा, म्हणजे तो दाबला जाऊन लहान होतो, आणि मग एखाद्या साध्या फोनवर, उन्हात उभं राहून बघा. तुमच्या मालकांचे ग्राहक तो तसाच बघणार आहेत. एकदा आवाज बंद करून बघा, यादीवरून मुद्दे कळतात का. एकदा फोन पालथा ठेवून नुसतं ऐका, यादीशिवाय निवेदन पुरेसं आहे का. उन्हात अक्षर लहान वाटलं तर पीएनजीत मोठं करा. ओळींची उंची बदलल्यामुळे प्रत्येक तुकड्याचं क्रॉप पुन्हा बघावं लागेल, तेवढं दहा-पंधरा मिनिटांचं काम. वेळेचे काप मात्र जिथे आहेत तिथेच राहतील.